इच्छापत्र

पाकीट हरवल्याचं शिवणाच्या मास्तरीणबाईंना मंगळवारी सकाळी कळलं. शिवणयंत्राच्या खणात दोरे होते, बटणं होती, पाकीट नव्हतं. त्यांनी खण पालथा करून पाहिला.

पाकिटात पत्र होतं, नवऱ्यासाठी. लेडी डॉक्टरांनीच सुचवलं होतं. "तोंडाने बोलवत नाही ना? मग लिहा. काय हवं, काय दुखतं, सगळं." बाईंनी आठ दिवस खपून सहा कलमं लिहिली. कोणी हात लावू नये म्हणून वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'इच्छापत्र'. त्यात खोटं काहीच नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. मुलगी रडत होती. "आई, वकीलकाकांकडे ये. आम्ही सगळे इथेच आहोत."

गळ्यातली टेप काढायचंही भान न राहता बाई धावल्या. वकिलांच्या खोलीत मुलगा, मुलगी आणि नवरा मान खाली घालून बसले होते. नवरा जमीन मोजणीतून निवृत्त झालेला. घरात सगळे त्याला मोजणीदारच म्हणत. पाकीट त्याला कात्री शोधताना सापडलं होतं. बायको महिन्यात तीनदा डॉक्टरकडे जाऊन आली, त्यात हे. त्याने मनाशी हिशोब जुळवला आणि पोरांना घेऊन तडक वकील मित्राचं दार गाठलं.

"या वहिनी," वकील म्हणाले. "साक्षीदारांच्या सह्या आहेत का, तेवढं बघतो." त्यांनी पाकीट फोडलंसुद्धा होतं.

"अहो, ते..."

"एक," वकील वाचू लागले. "मला अजून हवं आहे. मागत नाही म्हणजे नको, असं समजू नये."

"आई, घर तुझंच आहे गं," मुलगा म्हणाला. "कोण काढून घेतंय?"

"दोन. घाई करू नये. पूर्वी जिथून सुरुवात व्हायची, तिथून आता होत नाही."

"पूर्वेकडची हद्द म्हणत असेल," मोजणीदार म्हणाला.

"तीन. पाळी थांबली, म्हणून इच्छा..." वकील थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. अक्षरं तीच होती.

बाईंचे कान तापले. आता धरणी दुभंगेल तर बरं, असं क्षणभर वाटलं. पण धरणी काही दुभंगली नाही. मग त्यांनी पुढे होऊन कागद वकिलांच्या हातातून घेतला.

"मी ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "हे माझं यांना पत्र आहे. पोरांनो, निघा आता."

मुलगा दाराच्या चौकटीवर आपटला. मुलगी पाच महिन्यांपूर्वीच बाळंत झालेली. जाताना ती कानाशी वाकली, "आई, ती डॉक्टर कुठे बसते गं?"

"याला साक्षीदार लागतात का हो?" बाईंनी वकिलांना विचारलं.

"नसलेलेच बरे," वकील म्हणाले आणि स्वतःच्याच ऑफिसातून बाहेर पडले.

मोजणीदाराने खुर्ची बायकोकडे वळवली. "तू शिवणखोलीत झोपायला लागलीस. मला वाटलं, नकोसा झालो."

"अंगातून वाफा निघायच्या हो. आणि जवळ आलात की दुखायचं. आता औषध दिलंय त्याच्यावर."

"मग दोन वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही दोन वर्षं विचारलंत का?"

त्याने कागद मागितला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मोजणीच्या नकाशावर ठेवायचा तसं बोट ठेवून वाचला. हळूहळू चेहरा उजळत गेला.

"हे चौथं नीट कळलं नाही."

"ते इथे नाही कळायचं. घरी चला."

त्या दुपारी शिवणाच्या तीन गिऱ्हाइकांनी बेल वाजवली आणि तिघी परत गेल्या. दुसऱ्या दिवशी बाई ब्लाऊज बेतताना गुणगुणत होत्या. समोरच्या गिऱ्हाईक बाईने कारण विचारलं, तर म्हणाल्या, "माप नव्याने घ्यावं लागतं हो. जुन्या मापावर किती दिवस शिवणार?"

याला महिना झाला. पाच कलमं अमलात आली, चौथं तर दोनदा. सहावं अजून राहिलं आहे. घाई करू नये, हे दुसऱ्या कलमातच आहे.