कोट मशीनमध्ये आहे

मास्तरांनी घर बदलायचं ठरवलं तेव्हाच जाहीर करून टाकलं, की या कामात पुठ्ठ्याचा एकही खोका, चिकटपट्टीचा एकही तुकडा आणि डिझेलचा एकही थेंब वापरला जाणार नाही. नवं घर जेमतेम दीड किलोमीटरवर होतं. मास्तर शाळेत भूगोल शिकवत आणि पृथ्वीचं जे काही चाललंय त्याला आपणच जबाबदार आहोत अशा चेहऱ्याने वर्गात शिरत, त्यामुळे घरात कोणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. त्यांच्या आईंनी फक्त विचारलं, "मग सामान काय फुंकर मारून न्यायचं?"

"तीनचाकी सायकलगाडी. दोन खेपा. आणि गुंडाळायला आपलेच कपडे."

"आणि घालायला?"

"अंगावरचे आहेत की, आई. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

नेमका तोच दिवस त्यांच्या बायकोच्या मुलाखतीचा होता. ती प्रयोगशाळांसाठी काचेची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात, पाठवणी विभागात काम करायची. चौदा वर्षं तिने काचेच्या नळ्या आणि चंबू खोक्यांत बांधून गावोगाव पाठवले होते, आणि हजारात एखादा फुटला तर फुटला. विभागप्रमुखाची जागा दोनदा तिच्या नाकासमोरून दुसऱ्याला गेली होती. आता तिसऱ्यांदा, दुपारी तीन वाजता. या वेळीही नाही झालं तर नोकरीच सोडायची, असं तिने ठरवून टाकलं होतं. मास्तरांना हे माहीत होतं. म्हणूनच, "सामान मी बांधते, माझं रोजचंच काम आहे," असं ती म्हणाली तेव्हा मास्तर प्रेमाने म्हणाले, "तू अजिबात हात लावायचा नाहीस. तू तयारी कर."

अशा रीतीने चौदा वर्षांचा अनुभव खुर्चीत बसवून ठेवून भूगोलाच्या मास्तरांनी आठ दिवस सामान बांधलं.

त्यांचं तत्त्व एकच होतं. रिकामी जागा वाहून न्यायची नाही. कप मोज्यांत गेले, मोजे पातेल्यांत गेले, पातेली फ्रिजमध्ये गेली आणि फ्रिजचं दार ओढण्यांनी करकचून बांधलं गेलं. पँटींच्या पायांत चमचे भरून खाली गाठी मारल्या. खिसा दिसला की त्यात काहीतरी कोंबलंच. कशात काय आहे याची यादी त्यांनी डोक्यातच ठेवली, कारण कागद वाचवायचा होता.

शेवटी पिठाची कापडी पिशवी उरली. तिला काहीतरी जाड हवं होतं. बायकोने मुलाखतीचा राखाडी कोट इस्त्री करून दाराला टांगून ठेवला होता. पण मास्तरांच्या नजरेला टांगलेल्या कोटात आतली रिकामी जागाच दिसली. त्यांनी आधी त्याचे खिसे भरले, मग त्यात पिठाची पिशवी गुंडाळली, ते गाठोडं वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये बसवलं आणि भोवती कपडे ठासले.

पहिल्या खेपेत मशीन नव्या घरी पोचलं. प्लंबरने ते नळाला जोडून दिलं आणि तो गेला. घरात आई एकट्याच होत्या. मास्तर दुसऱ्या खेपेला गेले होते आणि सून जुनं घर झाडून किल्ल्या परत देत होती. आईंनी मशीनच्या गोल काचेतून आत पाहिलं, तर बोळा केलेले कपडे. मळके कपडे घेऊन नव्या घरात येणाऱ्या मुलाला त्यांनी मनातल्या मनात चार शब्द सुनावले, साबण घातला आणि बटण दाबलं.

पाऊण वाजता नवरा-बायको पोचले.

"अहो, माझा कोट कुठाय?"

मास्तरांनी डोक्यातली यादी चाळली. "कोट मशीनमध्ये आहे. एकदम सुरक्षित."

तिघंही मशीनकडे वळली. काचेआड दाट पांढरं काहीतरी गरगरत होतं. दर चार सेकंदांनी एक राखाडी बाही वर यायची, काचेवर थाप मारायची आणि खाली जायची.

"आई, हे काय केलंत?"

"कपडे धुतेय. तुमची वाट बघत नुसती बसू?"

मास्तरांनी धावत जाऊन प्लग उपसला. मशीन थांबलं, पण दार उघडेना. आत पाणी असेपर्यंत ते उघडत नाही, हे मास्तरांना माहितीपुस्तिकेत वाचता आलं असतं, पण ती पुस्तिका कपबशांच्या मध्ये घातलेली होती. प्लग पुन्हा लावला तेव्हा मशीनने पहिल्यापासून सुरुवात केली. एक तास वीस मिनिटं.

"माझा पांढरा शर्ट?" बायकोने विचारलं.

"तेलाच्या बरणीला."

"निळा?"

"सुऱ्यांना."

"बक्षीस समारंभाला घेतलेला?"

"बुटांच्या पॉलिशला. पण डबी घट्ट आहे."

डबी घट्ट नव्हती.

तिला खरंच रडू आलं. ती मशीनसमोर फरशीवर बसली आणि चौदा वर्षं जे बोलली नव्हती ते सगळं एका दमात बोलली. त्यातलं निम्मं कारखान्याबद्दल होतं. उरलेलं मास्तरांबद्दल होतं. पृथ्वीबद्दलसुद्धा त्यांना इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

दोन वाजून पाच मिनिटांनी दार उघडलं. आईंनी कोट ओढून काढला, दार पायाने ढकलून लावलं आणि फ्रिजच्या गाठी सोडून इस्त्री शोधली. इस्त्री फिरली तशी घरभर भाजल्या पिठाचा खमंग वास सुटला. कोट सुकला खरा, पण जमिनीवर ठेवला तर आपला आपण उभा राहू लागला.

"घाल," आई म्हणाल्या. "रुबाबदार दिसशील. वाकू मात्र नकोस."

वाकण्याचा प्रश्नच नव्हता. मुलाखतीच्या खोलीत ती आडवी शिरली, कारण कोपरं बाहेरच राहत होती. सही करताना तिला सबंध अंग टेबलावर कलतं करावं लागलं. मोठ्या साहेबांनी काळजीने विचारलं, "बाई, बऱ्या आहात ना?"

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तिने मोज्यांपासून मशीनपर्यंत सगळं सांगितलं. कोणीही हसलं नाही. साहेबांनी घसा साफ केला.

"बरं. पुढच्या वर्षी आपल्याला थर्मोकोल पूर्ण बंद करायचंय. त्याऐवजी काय वापरायचं, काही सुचतंय?"

तिला काहीच सुचत नव्हतं. घाम पुसायला रुमाल घ्यावा म्हणून तिने खिशात हात घातला, तर खिसा उघडेना. तिने जोर लावला. कडकन आवाज झाला आणि पिठाच्या टणक कवचात बसलेला काचेचा एक छोटा बल्ब तिच्या हातात आला. मशीनमध्ये सव्वा तास आपटूनही त्याला साधा ओरखडा नव्हता.

ती बल्बकडे पाहतच राहिली. मग चौदा वर्षांच्या सवयीने तिने कवचाची जाडी अंगठ्याने दाबून पाहिली आणि बोलायला लागली. कापड किती थरांचं, पीठ किती पातळ, काचेला कुठे आधार द्यायचा आणि कुठे मोकळं सोडायचं. ती वीस मिनिटं बोलली. साहेबांनी मध्येच बल्ब घेऊन टेबलावरच्या दिव्यात बसवला. दिवा लागला.

संध्याकाळी ती कोटाशिवायच घरी आली. कोट तपासणीसाठी ठेवून घेतला होता.

"सोमवारपासून मी विभागप्रमुख," ती म्हणाली आणि पुन्हा रडली, पण या वेळचं रडणं वेगळं होतं.

मास्तरांचेही डोळे भरून आले. "म्हणजे शेवटी माझी पद्धत—"

"तुमची पद्धत कोणी विचारली नाही. पीठ किती, साबण किती आणि कोणतं बटण दाबलं, एवढंच त्यांना हवंय. आईंना सोमवारी बोलावलंय. गाडी पाठवतायत."

"कशावर चालणारी?" मास्तरांनी विचारलं.

आई पदर सावरून उठल्या. "जाऊ की. पण चांगलं काहीतरी नेसायला हवं. काय रे, माझे ठेवणीतले कपडे कशाला गुंडाळलेस?"

मास्तरांनी यादी चाळली. मग पुन्हा एकदा चाळली.

"पिठाच्या भोवती," ते हळूच म्हणाले. "चादरी कमी पडल्या."

दुपारपासून बंद असलेल्या मशीनकडे तिघंही गेली. मास्तरांनी दार ओढलं. आईंनी ओढलं. शेवटी दोघांनी मिळून ओढलं, तेव्हा दाराऐवजी सबंध मशीनच पुढे सरकलं.

विभागप्रमुखांनी काचेतून आत नीट पाहिलं, बोटाने टकटक केली आणि फोन उचलला.

"साहेब, दुसरा नमुना तयार आहे," ती म्हणाली. "पण तो मशीनसकटच न्यावा लागेल."