बुजरे बुडबुडे

"ऊन फुकट, पाणी नळाला, आणि अक्कल माझ्याकडे! आता बिघडणार काय?" सकाळी बाईंनी नवऱ्याला ठणकावून विचारलं.

नवरा पलंगाखाली मोजा शोधत होता. "काही नाही," तो तिथूनच म्हणाला. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती.

बाई रसायनशास्त्रज्ञ. झाडाचं पान उन्हात बसून स्वतःचं अन्न तयार करतं, मग माणसाला उन्हापासून इंधन का करता येऊ नये, या एका प्रश्नापायी त्यांनी केस पांढरे केले होते. संस्थेच्या गच्चीवर त्यांची काचेची पेटी होती. पेटीत पाणी आणि पाण्यात एक काळी पट्टी. पट्टीवर ऊन पडलं की पाण्यातून हायड्रोजनचे बुडबुडे सुटायचे. चुलीत जाळा नाहीतर गाडीत घाला! पण व्यवस्थापकांना तीच गच्ची मोडक्या खुर्च्या ठेवायला हवी होती. गच्ची कुणाची, ते आज संचालकसाहेब स्वतः पेटी बघून ठरवणार होते.

बाई वर पोचल्या आणि किंचाळल्याच. अख्ख्या गच्चीवर ताडपत्री ताणलेली!

"हे काय आहे?"

"साहेबांना ऊन लागेल ना!" व्यवस्थापक म्हणाले.

"अहो, प्रयोगच उन्हाचा आहे!"

"मग सावलीत करा की. त्यात एवढं चिडायचं काय?"

आता अशा माणसाचं काय करावं? बाईंनी पदर खोचला आणि स्वतःच्या हातांनी ताडपत्रीच्या दोऱ्या सोडल्या. पट्टीवर ऊन पडलं, बुडबुडे भराभर सुटू लागले. बाईंचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात साहेब आले. आकारानं कपाटाएवढे, आणि वर व्यवस्थापकांनी धरलेली भली मोठी छत्री!

"कुठे आहेत तुमचे बुडबुडे?" साहेब पेटीवर ओणवे झाले. पट्टीवर सावली पडली. बुडबुडे बंद!

"साहेब, जरा मागे व्हा."

साहेब मागे झाले. बुडबुडे सुरू!

"आले, आले!" व्यवस्थापक ओरडले. साहेब धावत पुढे, मागोमाग छत्री. बुडबुडे बंद!

"तुमची सावली पडतेय हो!" बाई कळवळून म्हणाल्या. पण साहेबांना दुसऱ्याचं ऐकायची सवयच नव्हती. ते पुढे गेले, मागे आले, चष्मा लावून गेले, चष्मा काढून गेले. शेवटी बाईंनी छत्रीच हिसकावली, तर व्यवस्थापकांनी टाचा उंचावून साहेबांच्या डोक्यावर फाईल धरली!

"यंत्र बिघडलेलं दिसतंय," व्यवस्थापक गोड आवाजात म्हणाले. "खुर्च्या आणायला सांगू का?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "यंत्र ठणठणीत आहे! बिघडलंय ते इथं उभं आहे!"

साहेबांनी मात्र बोट ओठांवर ठेवलं. दोघांना घेऊन हळूच जिन्यात गेले आणि दाराच्या फटीतून डोकावले. पेटीवर लख्ख ऊन होतं. बुडबुडे उकळल्यासारखे वर येत होते.

"वा!" साहेबांनी टाळी वाजवली. "कुणी बघत नसतानाच काम करतंय! या संस्थेत असं मी आजवर पाहिलेलं नाही. मंजूर!"

"साहेब, तसं नाहीये, ते ऊन..." बाई सांगू लागल्या.

"मंजूर म्हटलं ना!"

कारण साफ चुकीचं होतं. पण मंजुरी ती मंजुरी! बाईंनी राग गिळला आणि नवऱ्याला फोन करून, "बघ, बिघडलं का काही?" असं विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाई गच्चीवर गेल्या, तर पेटी जागेवर नाही! त्या जागी मोडक्या खुर्च्यांचा ढीग. बाई जिने उतरत, दिसेल त्याला विचारत तळमजल्यावर पोचल्या. तिथल्या अंधाऱ्या दालनात, जाड पडद्यांच्या आड, मखमली कापडावर त्यांची पेटी मांडून ठेवली होती. वर पाटी: 'कुणी पाहत नसतानाही काम करते. सर्व कर्मचाऱ्यांनी आदर्श घ्यावा. आज्ञेवरून, संचालक.'

"अहो, इथे उन्हाचा कवडसासुद्धा नाही!" बाई ओरडल्या. "बघा! एक तरी बुडबुडा दिसतोय का?"

पडद्याशी उभ्या असलेल्या व्यवस्थापकांनी त्यांच्याकडे अतिशय दयेनं पाहिलं.

"कसा दिसेल? तुम्ही बघताय ना!"