नसीमची रविवारची शिकवणी

नशिबानं जरा जरी हात दिला, की नसीम सगळ्यांची माफी मागते.

लातूरच्या स्टँडवर ती पोचायला आणि नांदेडची गाडी लागायला एकच गाठ पडली, तर ही डावा हात खांद्यापर्यंत उचलून, तासाभरापासून ताटकळलेल्या माणसांना म्हणणार, "सॉरी हां." खिडकीची जागा मिळाली, सॉरी. गोलाईच्या बाजारात मेथीची शेवटची जुडी हाताला लागली, मागच्या बाईला सॉरी. एकदा तिनं दोरीवरचे कपडे काढले आणि पाचव्या मिनिटाला पावसाची सर आली. ज्यांचे कपडे भिजले त्या चार घरांना तिनं गच्चीवरून हात दाखवला. त्यातल्या एका घराला वाटलं ही चिडवतेय. ते घर आजही तिच्याशी बोलत नाही.

टेनिसमधली रीत आहे ही. चेंडू जाळीच्या पट्टीला थटून नशिबानंच पलीकडं टपकला, तर हात वर करून माफी मागायची. गुण मात्र परत द्यायचा नाही. "माफी मागायची, मार्क ठेवायचे," नसीम सांगते. मी गणिताची मास्तरीण. मला हे फार पटलं.

आता मी पंचाहत्तरीची आजी आहे, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. चाळिशीतली मी म्हणजे एक नमुना होते. खडूनं पांढरी झालेली बोटं न धुता मुद्दाम बाजारात जायची, बाई गणित शिकवतात हे भाजीवाल्यालाही कळावं म्हणून. नसीम आमच्या गल्लीतली. तिचे अब्बा गफूरभाई साहेबलोकांच्या क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे अधिकाऱ्यांना टेनिस शिकवायचं, मग त्यांच्याकडून हरायचं, आणि संध्याकाळी त्यांच्या रॅकेटींना तारा बसवायच्या. पोरगी चालायला लागली तशी चेंडू वेचायला लागली, आणि दहाव्या वर्षी साहेबांना हरवायला लागली. मग गफूरभाई घाबरून तिला घरी पाठवू लागले.

भूकंप झाला, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. जमीन हलली आणि पुढं कितीतरी दिवस अख्खं लातूर छपराला भिऊन उघड्यावर राहिलं. आमच्या गल्लीच्या वाट्याला क्लबाचं टेनिस कोर्ट आलं. सपाट जागा, अंगावर पडायला भिंत नाही, आणि चुन्यानं आखलेले चौकोन. तासाभरात त्या चौकोनांचे सातबारे झाले. जाळीजवळचा डावा चौकोन आमचा, त्याच्या मागची पट्टी तलाठ्याच्या घरची. तलाठीणबाईंची गादी वीतभर पुढं आली म्हणून मी जी भांडले! पलीकडं गावंच्या गावं गाडली गेली होती, आणि ही एम.एस्सी. बाई वीतभर रेघेसाठी गळा काढत होती. शेवटी नसीम आली, गुडघ्यावर बसून रेघ बघितली आणि निकाल दिला.

"गादी रेघंला टेकलीय. टेकलं की आतलंच धरत्यात, बाई. वरडू नका."

मी माझी गादी वीतभर मागं ओढली. तलाठीणबाई मात्र त्या पोरीला रोज साखर-पोळी द्यायला लागल्या.

तीच पोरगी त्या आठवड्यात औशाकडं, खालाच्या म्हणजे मावशीच्या गावी राहायला जायची होती. ताप आला म्हणून राहिली. खालाचं घर उरलं नाही. टेनिसमधली माफी ती पुढं शिकली असेल, पण मला वाटतं, तिचा हात त्या आठवड्यातच वर गेला.

भूकंपाला भिऊन आम्ही मागच्या अंगणात पत्र्याचं शेड घातलं होतं. भीती गेली, शेड राहिलं. तोवर लातुरात क्लासचं पीक सोयाबीनसारखं आलं होतं. ज्याच्याकडं फळा होता तो सर झाला. मीही शेडवर पाटी लावली: 'बारावी गणित. निकाल शंभर टक्के.' त्या पाटीसारखा जीव मी पोटच्या पोरालाही लावला नसेल. आणि माझ्याच क्लासातली नसीम गणितात नापास झाली. पेपरच्या सकाळी ती कुठल्याशा स्पर्धेतून थेट स्टेशनावरून परीक्षेला गेली, आणि तिला एकवीस मार्क पडले. मी शिडीवर चढून 'शंभर' खोडलं आणि 'अठ्ठ्याण्णव' रंगवलं. खाली उतरता उतरता शपथ घेतली: ही पोरगी गणितात पास होईल, तेव्हाच 'शंभर' परत लिहीन.

"पोरगी खेळून राहिली, बाई. खेळू द्या की," गफूरभाई म्हणाले.

"खेळू द्या, पण ऑक्टोबरला बसवा."

ऑक्टोबरात नसीम स्पर्धेसाठी इजिप्तला गेली. एका रविवारी चहाच्या वेळेला फोन वाजला.

"बाई, इंटिग्रेशन समजून न्हाई राहिलं. सांगता का?"

मला इतका आनंद झाला, की चहा उतू गेला. त्या दिवसापासून दर रविवारी शिकवणी. ती ताश्कंदला असो, बँकॉकला असो, पुस्तक पिशवीत. मी गणित सांगायची, ती सोडवून उत्तर सांगायची, आणि उत्तराच्या शेवटचं 'प्लस सी' दर वेळेला विसरायची. म्हणजे दर वेळेला!

"प्लस सी कुठंय? तुझ्या रॅकेटीला दांडा नसला तर चालेल का?"

"न्हाई चालायचं, बाई."

"मग! डोकं क्लबात ठेवून आलीस का?"

आतून आमचे हे ओरडायचे, "अगं हळू! फोन खाली ठेव, तरी इजिप्तात ऐकू जाईल!"

मार्च आला की मी विचारायची, "बसणार ना?" ती म्हणायची, "औंदा स्पर्धा हाय, बाई. पुढच्या साली." अशी नऊ वर्षं गेली. मधे अभ्यासक्रम बदलला, तर मी नवं पुस्तक कुरिअरनं पाठवलं. सहाव्या वर्षी आमचे हे गेले. त्या रविवारीही फोन आला. ती म्हणाली, "बाई, दोन गणितं करू का?" दोन केली.

मधे एकदा पेपरात आलं, नसीम जगात चारशे एकतिसावी. आमची गल्ली हळहळली. लातुरात चारशे एकतिसावा नंबर म्हणजे काय ते आम्हाला पाठ होतं: मुंबईचं मेडिकल गेलंच, पुण्यालाही वांधे. दूधवाला म्हणाला, "लातूरची पोरगी आन् चारशे? अभ्यास कमी पडला." मी तर साडी बदलून तिच्या अम्मीचं सांत्वन करायला गेले. "मनाला लावून घेऊ नका. रिपीट केलं की नंबर सुधारतो." अम्मीनं भरल्या डोळ्यांनी मला शिरखुर्मा वाढला. तो त्यांनी आनंदानं केला होता, हे मला पुढं वर्षभरानं कळलं.

मग नांदेडला एक बक्षिसाची स्पर्धा आली. नसीम सत्तावीस वर्षांची, खांद्याला पट्टी. मी पहिल्यांदाच तिचा खेळ बघायला गेले, अर्धापूरची दोन डझन केळी घेऊन. नको तिथं टाळ्या वाजवल्या. समोरची पोरगी सर्व्हिससाठी चेंडू उडवत असताना मी "जाऊ दे, घाबरू नको!" असं नसीमला ओरडले, तर खुर्चीवरच्या पंचानं मला गप्प बसवलं. समोरची पोरगी सोळा वर्षांची. तिची आई, मामा, कोच, सगळे ओळीनं बसलेले. नसीमच्या बाजूच्या खुर्चीवर नुसती तिची पिशवी. ती हरली. मग नावं नोंदवायच्या टेबलापाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पोरीला विचारत होती, "डबल्सला जोडीदार हाय का तुला?" सगळ्यांना होता. तिनं चार केळी खाल्ली आणि पिशवी उचलली.

कुणाला काय दिसतं बघा. मला एवढंच दिसलं, की टेनिस संपलं, आता परीक्षेला मोकळी झाली.

लातूरला परतल्याबरोबर मी तिला न विचारता बोर्डाच्या ऑफिसात गेले आणि रिपीटरचा फॉर्म मागितला. खिडकीतला कारकून माझाच जुना विद्यार्थी. तो उठून उभा राहिला, रजिस्टर काढलं आणि कानामागं खाजवत म्हणाला,

"मॅडम, ही तर पास हाय की. नापास झाली त्याच्या पुढच्याच मार्चला. गणितात अठ्ठ्याऐंशी."

मी तिथल्या बाकावर बसले. त्यानं पाणी आणून दिलं.

नसीम घरी होती, खांद्यावर बर्फाची पिशवी बांधून रॅकेटीला तार ओढत बसलेली.

"अठ्ठ्याऐंशी?" मी दारातूनच विचारलं.

तिनं मान खाली घातली. "हाव."

"आणि आठ वर्षं मला फोनवर इंटिग्रेशन शिकवायला लावलंस? खोटारडे!"

ती तार ओढतच राहिली. मग म्हणाली, "तिकडं कुणी बोलत न्हाई हो, बाई. दिवसभरात पंच तेवढा बोलतो, ते बी आकडे. हॉटेलवाली चावी देती आन् हसती. घरी फोन केला, की अम्मी रडती, अब्बा विचारतात खांदा कसाय. मी म्हणते बराय. तुमी काय बी विचारत न्हाई. निस्तं वरडता. ते लई बरं वाटतंय."

"आणि प्लस सी?"

"ते मुद्दाम खात होते. त्यानं तुमी पाच मिन्टं जास्त वरडायच्या."

मला हसावं का चिडावं ते कळेना. ती तार खाली ठेवून माझ्याकडं बघायला लागली. कोर्टावर ती हरली तेव्हाही तिचं असं तोंड झालं नव्हतं.

"पुढल्या म्हैन्यात ताश्कंदला जाऊन राहिले, बाई. आता फोन बंद का?"

"बंद कशाला?" मी म्हणाले. "बारावी झाली म्हणजे सगळं झालं का? बीएस्सी फर्स्ट इयर कोण करणार, तुझे अब्बा?"

संध्याकाळी गोलाईतून पुस्तकाच्या दोन प्रती घेतल्या, एक तिला दिली. बीएस्सीला हात लावून मला तीस वर्षं झाली होती. ती ताश्कंदला गेली त्या आठवड्यात पहिला धडा मी तीन दिवस वाचला. शनिवारी पहिल्याच गणितापाशी अडले ती अडलेच. रविवारी फोन वाजला. थोडा वेळ मी इकडचं तिकडचं बोलले, पोळ्यांचं, पाण्याचं. शेवटी म्हणाले, "नसीम, ते पहिलं जरा... तुला सुटलं का गं?"

तिनं ते विमानतळावर बसून सोडवलं होतं. ताश्कंदहून असली ओरडली ती! "बाई! एवढं सोपं येत न्हाई? ध्यान कुठं हाय तुमचं?"

आमचे हे गेल्यानंतर त्या घरात माझ्यावर कुणी ओरडलं नव्हतं. मी म्हटलं, "परत सांग. सावकाश सांग."