मणेरीकरांची मोजणी

मोजणीसाठी आलेली म्यूऑनबाई हुबेहूब इंदुमतीबाईंसारखी होती, फक्त वजनाने दोनशे सात पट. तिने आत पाऊल टाकलं तेव्हा उंबऱ्यालगतची फरशी करकरली, पण फुटली नाही. मोजणी खात्याचे उकिडवे आदल्या दिवशीच येऊन खालून टेकू लावून गेले होते.

प्रयोगशाळेच्या वसाहतीत याचं कुणाला नवल नव्हतं. इंदुमतीबाईंचे यजमान दत्ताराम मणेरीकर यांनी चौतीस वर्षं अणुकेंद्रं अशीच तर मोजली होती. अणूतला इलेक्ट्रॉन लांबूनच घिरट्या घालतो, त्याला केंद्राचा अंदाज नीट येत नाही. म्हणून त्याच्यासारखाच, पण जड असा म्यूऑन पाठवायचा. तो पायरी पायरीने केंद्राजवळ उतरतो, उतरताना प्रत्येक पायरीवर उजेडाची एक तिरीप सोडतो, आणि त्या तिरिपींवरून केंद्र केवढं आहे ते काढायचं. आता निवृत्त होणाऱ्या माणसांनाही हीच पद्धत लागू झाली होती, इतकंच.

जमीन मोजताना लगतच्या कब्जेदाराला नोटीस जाते, तशी इंदुमतीबाईंना आली होती. आपल्या अंतरावरून आपल्याला माणूस आतून केवढा वाटतो, ते कब्जेदाराने आधी लिहून द्यायचं असतं. बाईंनी एकतीस वर्षांच्या संसाराच्या भरवशावर आकडा लिहिला आणि लिहिताना हात आखडता घेतला नाही. मणेरीकर बोलायचे कमी, विचारायचे तर काहीच नाहीत. पण आत बरंच काही असणार आणि त्यात कुठेतरी आपल्यालाही जागा असणार, असं त्या लग्न झाल्यापासून धरून चालल्या होत्या. तेवढं एकदा कळलं म्हणजे झालं, एवढीच त्यांची इच्छा होती.

पहिल्या दिवशी म्यूऑनबाई दारापासून खिडकीपर्यंत आली, खिडकीपासून टेबलापर्यंत. मणेरीकर आरामखुर्चीत मासिक वाचत होते. ती जरा जवळ सरकली की खोलीत निळसर उजेड चमकून जाई आणि उकिडवे डोळ्यांत तेल घालून तो यंत्रात टिपून घेत. दुसऱ्या दिवशी दुपारी ती इतकी जवळ पोचली, की तिचा डावा खांदा मणेरीकरांच्या छातीत दिसेनासा झाला. मणेरीकरांनी पान उलटलं. स्वयंपाकघराच्या दारातून इंदुमतीबाई हे बघत होत्या. इतक्या वर्षांत आपण एवढ्या जवळ कधी गेलोच नाही, हे त्यांना तेव्हा दिसलं आणि फार वाईट वाटलं.

संध्याकाळी उकिडव्यांनी आकडा काढला. तो बाईंच्या आकड्यापेक्षा चार टक्क्यांनी लहान होता.

“लांबून बघितलं की थोडं जास्तच वाटतं, वहिनी,” उकिडवे समजुतीच्या सुरात म्हणाले. “सगळ्याच घरांत असं येतं.”

“मग ते चार टक्के गेले कुठे?”

“गेले नाहीत. ते नव्हतेच.”

आपण राहतो ती जागा त्या चार टक्क्यांतच आहे, अशी बाईंची समजूत होती.

उकिडव्यांनी मग नियमाप्रमाणे पुढचं वाचून दाखवलं. म्यूऑनबाईची मुदत सव्वादोन दिवसांची. मुदत संपली की ती विरते आणि तिच्या जागी एक हलकीशी बाई उरते, ती दारातून निघून जाते. क्वचित तसं होत नाही. केंद्रच तिला आत घेतं. मग माणूस एका अंकाने बदलतो, पण बाहेरून काडीचाही फरक दिसत नाही, चहाला साखरही पूर्वीइतकीच लागते. यावर कुणाची हरकत आहे का, असं उकिडव्यांनी विचारलं. मणेरीकरांनी वाचता वाचता नकारार्थी मान हलवली. बाईंना हरकत होती, पण ती कोणत्या शब्दांत घ्यावी हे त्यांना सुचेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुदत संपली. म्यूऑनबाई आता खुर्चीजवळ नव्हती, खोलीत कुठेच नव्हती. उकिडवे दाराकडे टक लावून बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. दारातून कुणीही बाहेर पडलं नाही. उकिडव्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि यंत्राची वायर गुंडाळायला घेतली.

मणेरीकरांनी मासिक मिटलं, चष्मा काढला आणि हाक मारली.

“इंदू.”

एकतीस वर्षांत त्यांनी ‘अगं’ सोडून दुसरी हाक मारली नव्हती. इंदुमतीबाई हातातलं सगळं टाकून दोन पावलं पुढे आल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ‘ओ’ अगदी ओठांवर होता.

“ओ,” मणेरीकरांच्या छातीतून उत्तर आलं. आवाज बाईंचाच होता.

मणेरीकरांचा चेहरा निवळला. त्यांनी छातीवर हात ठेवून डोळे मिटले. दुसरी हाक मारायची त्यांना गरज पडली नाही.