एकशे ऐंशी पावलं

मगदूम सरांना पत्ता विचारू नये, हे मंगळवार पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. फसायचा तो बाहेरचा माणूस. एकदा एकाने कागलची एसटी कुठे मिळेल म्हणून विचारलं. सरांनी त्याला खांद्याला धरून वळवलं आणि म्हणाले, "पावणं, आधी तोंड उत्तरेला करा. आता सरळ दोनशे धा पावलं. मग पूर्वेला पंचेचाळीस." तो बिचारा मोजत निघाला, वाटेत कुणीतरी हटकलं, आकडा विसरला आणि परत आला. सरांनी त्याला पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलं. एसटी तोवर गेली असणार.

सर भूगोलाचे शिक्षक, आता निवृत्त. नकाशात पंचगंगा सुताएवढी सरकली तरी अर्धा मार्क कापायचे. माझाही कापलाय, आणि तो मी विसरलेलो नाही. सर जैन, त्यामुळे सूर्यास्ताआधी जेवण म्हणजे जेवण. दिवस कलला की वाक्य अर्धं टाकून उठायचे आणि ते वाक्य दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू करायचे.

माझा टायपिंगचा क्लास होता. संगणक आले आणि तो बसला. मग मीही एक संगणक घेतला, इंटरनेट जोडलं आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसलो. नेमाने आले ते एकटे सर. दोन हजार तीन-चार साल असेल. पुण्याच्या पुतण्याने त्यांना एक खेळ सांगितला होता, जिओकॅशिंग. कुठेतरी डबा लपवायचा, त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे, ज्याला सापडेल त्याने आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथे ठेवायचा. सर याला डबाशोध म्हणत.

या खेळाला उपग्रहाशी बोलणारं एक यंत्र लागतं आणि ते महाग असतं, असं मी सांगितलं. सर म्हणाले, "यंत्र कशाला? पाय हायत की." शाळेने मोडीत काढलेलं होकायंत्र त्यांच्याकडे होतं, एक जुना नकाशा होता. श्रीखंडाचा रिकामा डबा, त्यात शंभर पानी वहीचा पाव तुकडा, पेन्सिलीचं थोटूक आणि सापडणाऱ्याला बक्षीस म्हणून एक रंगीत खडू. झाला खेळ तयार. यंत्र नसल्याने नकाशावरून काढलेले आकडे थोडे मागेपुढे होणार, म्हणून खाली खुणेपासूनची दिशा आणि पावलं लिहायची, ही त्यांची स्वतःची भर.

डबा ठेवायला सर आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, पन्हाळ्याला गेले. जमीन उकरायची नाही, मुंग्या मरतात. दगड उचलायचा तोही आधी खाली वाकून बघून. त्यामुळे जागा शोधण्यातच दुपार गेली, आणि दिवस मावळायच्या आत जेवणाचा डबा उघडता यावा म्हणून शेवटी घाई झाली, हे काकूंनीच मला हसत सांगितलं. दुसऱ्या दिवशी सरांनी मजकूर सांगितला आणि मी टाइप केला: पडक्या चौकीच्या कोपऱ्यापासून वायव्येला एकशे ऐंशी पावलं, चपटा दगड.

त्याच वर्षी काकू गेल्या. आजार महिन्याभराचाच. सर तेराव्या दिवशी क्लासात आले, खुर्ची ओढली आणि विचारलं, "कोण आलतं काय?" मी इंटरनेटवरचं डब्याचं पान उघडून दाखवलं. कुणी आलं नव्हतं. मग दर सोमवारी हाच प्रश्न आणि हेच उत्तर. दिवस कलला की उठायचे, घरी जाऊन स्वतःच भात टाकायचे आणि वेळेत जेवायचे.

वर्षाने पुण्याच्या दोन पोरांनी पानावर लिहिलं: खूप शोधलं, सापडला नाही, बहुतेक हरवला. सरांचा चेहरा उतरला. म्हणाले, "डबा हाय तिथंच. मी परवा बघून आलोय."

त्यांची बाजू घ्यायला म्हणून मी रविवारी पन्हाळा गाठला. होकायंत्र सरांचंच. वायव्येला एकशे ऐंशी पावलं मोजली आणि करवंदीच्या जाळीत घुसलो. चपटा दगड कुठेच नाही. ओरबाडलेले हात घेऊन परत आलो आणि सोमवारी सरांना सुनावलं, की आकडा चुकलाय. पुन्हा मोजून नीट लिहू या. नकाशातल्या नदीचा माझा अर्धा मार्क कापला होता ना, आता तुमचा कापतो.

सरांनी होकायंत्र माझ्या हातून परत घेतलं. मग म्हणाले, "आकडा बदलायचा न्हाय."

"पण सर, चूक आहे."

"चूक न्हाय, शिंद्या. मी होकायंत्र धरलतं. पावलं तिनं मोजली."

मला स्वतःचीच लाज वाटली. काकूंचे गुडघे मला माहीत होते. उजव्या गुडघ्यावर हात ठेवून त्या इवलं इवलं पाऊल टाकत, आणि सर चार पावलं पुढे जाऊन थांबत.

पुढच्या सोमवारी क्लासाला कुलूप लावलं आणि सकाळीच पुन्हा गेलो. कोपऱ्यापाशी उभा राहिलो, गुडघ्यावर हात ठेवला आणि काकूंसारखा निघालो. गुरं राखणारा एक म्हातारा माझ्याकडे बघून, पाय मुरगळला काय, म्हणून विचारत होता. एकशे अठ्ठ्याहत्तरला चपटा दगड दिसला. खाली वाकून बघितलं, मुंग्या नव्हत्या. उचलला.

वहीच्या पहिल्या पानावर काकूंच्या टपोऱ्या अक्षरात होतं: शालिनी मगदूम, पहिली. खाली सगळ्या ओळी कोऱ्या. सर इतक्यांदा येऊन गेले होते, पण डबा त्यांच्या नावावर, लपवणाऱ्याने नाव लिहायचं नाही हा नियम, आणि नियम म्हणजे नियम. मी दुसऱ्या ओळीवर नाव लिहिलं. पेन्सिलीला टोक नव्हतं, दातांनी काढलं.

क्लासात परतलो तर सर बाहेरच्या बाकावर बसलेले. दिवस कलला होता. मी म्हणालो, एकशे ऐंशी बरोबर आहेत, सर.

"वहीत लिहिलंस?"

"लिहिलं. काकूंच्या खाली."

"मग बरं झालं," ते म्हणाले. "वर्षभर एकटीच हुती की रं तिथं."

मी कुलूप उघडून आत गेलो, दिवा लावला. समोरच्या छपरावरचं ऊन गेलं, अंधारून आलं. सरांची जेवणाची वेळ टळली होती. ते बाकावर तसेच बसून राहिले, आणि त्यांना आठवण करून द्यायला माझं मन धजलं नाही.