डॅक्टिल घराण्यावरची स्वारी

वाचणारे धनी सुज्ञ आहेत, त्यांसी अधिक काय लिहावे. तथापि थोर पराक्रम कागदावर न आला तर मागाहून शेजारी भलतेच सांगतात आणि खरे वर्तमान लोपते, याकरिता कलम हाती धरिले. विषय बोटांचा आहे. बोट लहान म्हणोन मोहीम लहान समजो नये.

पूर्वी ग्रीक मुलखी 'डॅक्टिलॉस' म्हणोन एक शब्द होता. अर्थ इतकाच की बोट. स्वभावे गरीब, आपले घरी खाऊनपिऊन सुखी. पुढे वैद्य आणि शास्त्री लोक त्याचे दारी गेले आणि त्यास चाकरीस घेऊन आले, आणि मग त्याचा वंश ऐसा फोफावला की पुसो नये. एक शाखा बोटांचे ठसे तपासू लागली ती डॅक्टिलोस्कोपी या किताबाने चोरांस धाक घालू लागली. दुसरा एक पंखास बोट लावोन आभाळी उडाला तो टेरोडॅक्टिल, तो फार पूर्वीच निर्वंश जाहला. आणि उरले ते भाऊबंद दवाखान्यात शिरोन ठाणे देऊन बसले. सर्वांचे शेपूट एक, 'डॅक्टिली'. मुंडाशी मात्र निरनिराळी. गर्दीत कोणता कोण, हे त्यांच्या आईसही सांगता न ये.

ऐसियास, हातांचे विकार पाहणारा एक दवाखाना होता. तेथील थोरले डॉक्टर आपले विद्येत बहुत मातब्बर. रोगी तपासता तपासता ते मुखाने बोलत जात आणि बाजूस कॉम्प्युटरपाशी बसोन ते बोलणे तत्काळ टाइप करावे, ऐसी एक जागा होती. तेथे एका घरच्या सूनबाई कच्च्या नेमणुकीवर तैनात होत्या. हात चपळ, काम जिवापाड आवडते, खिडकीपाशी स्वतःचे टेबल. आयुष्यात प्रथमच स्वतःचे टेबल. परंतु डॅक्टिल मंडळी डॉक्टरांचे मुखातून बाहेर पडली की सूनबाईंची बोटे जागीच थिजत आणि त्या मान वळवोन पुसत की, सर, म्हणजे यातली वाकडी कोणती आणि चिकटलेली कोणती? रोग्यास वाटे, दवाखान्यासच अद्याप नक्की ठाऊक नाही. तो बूट घालू लागे. ऐसे वारंवार होता डॉक्टरांनी फर्मान काढिले की, सोमवारी आम्ही जातीने फोटो दाखवू, जो विकार दिसेल त्याचे नाव तेथल्या तेथे सांगावे. सांगितले तर नेमणूक पक्की, न सांगितले तर नारळ.

हे फर्मान घेऊन सूनबाई घरी दाखल जाहल्या आणि खलबतास बसल्या. प्रथम घोकंपट्टीची फौज पुढे केली. आरशावर चिठ्ठी, फ्रिजवर चिठ्ठी, गॅसचे शेगडीमागे चिठ्ठी, ती तर वाफेने सुटोन आमटीतच पडली. दोन दिवस घनघोर जाहले आणि शिकस्त आली. सिंडॅक्टिली म्हणावे तेथे क्लिनोडॅक्टिली येई आणि ब्रॅकिडॅक्टिली तर रणातून पळोनच जाई.

मग तिसरे दिवशी चहाचे वेळी दैवाने कौल दिला. सासरेसाहेबांनी कप उचलिला आणि त्यांची करंगळी मधल्या सांध्यात वाकोन उभी राहिली. ती जन्मापासून सरळ होत नसे. लोक त्यास ऐट समजत. सूनबाईंनी बशी खाली ठेविली आणि गर्जना केली.

"बाबा, तुम्ही कॅम्प्टोडॅक्टिली आहात!"

"मी काय केलं?" सासरेसाहेब कप सावरत बोलिले.

येथोन मोहिमेचे पारडे फिरले. सूनबाईंनी मसलत केली की, शत्रूचा एकेक सरदार घरच्या एकेका माणसावर नामजद करावा, म्हणजे माणूस आठवला की शब्द आठवेल. मग घरात हातांची झडती सुरू जाहली. पतिराजांची बोटे लांबसडक, बारीक, कोळ्याचे पायांसारखी. ते अ‍ॅरॅक्नोडॅक्टिली जाहले.

"लग्नाआधी म्हणायचीस, पियानो वाजवणाऱ्याची बोटं आहेत," ते खिन्न होऊन बोलिले. "आता कोळी?"

दीर महाशयांचा अंगठा आखूड, टोकास पसरट, ते ब्रॅकिडॅक्टिली. त्यांनी तक्रार गुदरली की, वहिनी, अंगठा आखूड नाही, मोबाइल मोठा आहे; ती फेटाळिली. नणंदबाईंचे पायाची दोन बोटे अर्ध्यापर्यंत जोडलेली. मोजे उतरविण्यास त्यांनी आइसक्रीमचा तह मागितला, तो कबूल करोन त्यांस सिंडॅक्टिली हा किताब दिला. सूनबाईंची स्वतःची करंगळी शेजारणीकडे कललेली, जणू कान देऊन चहाडी ऐकते, ती क्लिनोडॅक्टिली. येणेप्रमाणे घर फौजबंद जाहले. कोणी पाण्याचा तांब्या मागितला तरी हाक येई की, ब्रॅकी, बाबांना पाणी दे.

राहता राहिली पॉलिडॅक्टिली, म्हणजे बोट जादा असणे. तिजवर घालण्यास माणूस नाही. माणूस नाही म्हणोन शब्द टिकेना. रात्री पाठ करावा, सकाळी गायब. आणि घरात एक हात अद्याप तपासणे बाकी होता, तो सासूबाईंचा. सूनबाई अर्ज घेऊन स्वयंपाकघराचे उंबऱ्याशी गेल्या.

"आई, तुमचा हात बघू का जरा?"

"आमच्या माहेरी सगळ्यांची बोटं सरळ आहेत," सासूबाईंनी डावा हात फडक्यात गुंडाळिला. "तुझ्या त्या रोगांत मला ओढू नकोस."

सूनबाई माघारी फिरल्या. तो किल्ला न घेताच कूच करावे ऐसे ठरले.

सोमवार उजाडला. सूनबाई दारात चपला घालीत होत्या, मुखाने फौजेची हजेरी चालली होती, सासरे, नवरा, दीर, नणंद, मी, आणि त्यापुढे नेहमीप्रमाणे शुकशुकाट. डोळ्यांत पाणी तरारले. हे सासूबाईंनी ओट्यापासोन पाहिले आणि मग गॅस बंद करोन त्या बाहेर आल्या आणि कोणी पाहत नाही ऐसे पाहोन डावा हात पुढे केला. करंगळीचे बाहेरील कडेस मसुराएवढा एक उंचवटा होता.

"इथे सहावं होतं," त्या हलके बोलिल्या. "तान्ही असतानाच काढलं. आई म्हणाली, कुणाला सांगू नकोस, लग्न ठरायचं नाही. झालं ना बघून? आता शब्द पाठ कर. आणि माझं नाव कुठे घ्यायचं नाही, शपथ आहे."

"बाबांनासुद्धा माहीत नाही?"

तो आतून सासरेसाहेबांचा आवाज आला की, मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, मला वाटलं हिलाच माहीत नसेल, उगाच कशाला सांगा.

सासूबाईंनी बंद गॅसवरच चहाचे आधण ठेविले. ऐसा प्रसंग त्या घराण्यात पूर्वी घडल्याची नोंद नाही.

मग सूनबाई हुजूर रुजू जाहल्या. डॉक्टरांनी पडद्यावर पहिला फोटो लाविला. वाकोन राहिलेली करंगळी.

"सासरे!" सूनबाई ओरडल्या.

"काय?"

"सॉरी सर. कॅम्प्टोडॅक्टिली."

डॉक्टरांनी चष्मा काढोन पुसला आणि दुसरा फोटो लाविला.

"नवरा. म्हणजे अ‍ॅरॅक्नोडॅक्टिली."

"आणि हा अंगठा?"

"दीर! ब्रॅकिडॅक्टिली."

"ही जोडलेली बोटं?"

"नणंद, सर. सिंडॅक्टिली. पायाची आहेत, पण चालेल ना?"

"चालेल," डॉक्टर गंभीर मुद्रेने बोलिले. "ही कललेली करंगळी कोण? जाऊबाई?"

"ही मीच. क्लिनोडॅक्टिली."

मग शेवटचा फोटो आला. तान्ह्या बाळाची मूठ, आणि करंगळीचे शेजारी इवलेसे आणखी एक बोट. सूनबाईंचे मुख उघडले आणि तैसेच राहिले. जिभेचे टोकावर सासूबाई येऊन उभ्या होत्या. त्यांस बाहेर काढावे तर शपथ मोडते, आत ढकलावे तर त्यांचे पाठीमागे लपलेला शब्दही आत जातो. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिले. खिडकीपाशीचे टेबल सूनबाईंचे डोळ्यांसमोर हलो लागले. मग त्यांनी मनातल्या मनात सासूबाईंस हात जोडिले, वाट मागितली, आणि त्यांस स्पर्श न करिता मागचा शब्द तेवढा ओढोन बाहेर आणिला.

"पॉलिडॅक्टिली."

"बरोबर. आणि ही कोण?"

"ही सांगायची नाही, सर."

डॉक्टरांनी पडदा मालवोन हुकूम केला की, नेमणूक पक्की. टाइप करताना नातेवाईक मात्र वगळावे.

फत्तेची खबर घरी पोहोचली आणि नणंदबाईंचे आइसक्रीम सर्वांस वाटले गेले. सूनबाईंनी साद्यंत हकिगत निवेदन केली. सासरेसाहेब, पतिराज, दीर, नणंद, आपापले नाव डॉक्टरांचे कानी पडले म्हणोन सर्व फुगोन गेले. सासूबाई हातातला चमचा तैसाच धरोन बसल्या.

"माझं घेतलंस?"

"नाही आई. शपथ होती ना!"

"नाहीच घेतलंस?"

"अजिबात नाही."

"अस्सं." सासूबाईंनी वाटी ठेविली. "घरातल्या शेंबड्या अंगठ्याचं नाव तिथपर्यंत गेलं. आणि माझं तेवढं नाही."

दुसरे दिवशी सकाळी दवाखाना उघडताच सासूबाई ठेवणीतली साडी नेसोन जातीने दाखल जाहल्या, नंबर न घेता थेट आत गेल्या आणि थोरले डॉक्टरांचे टेबलावर डावा हात उताणा ठेवोन बोलिल्या की, सून जी सांगायची नाही म्हणाली ना, ती मी. डॉक्टरांनी उठोन तो हात दोन्ही हातांनी पाहिला. सूनबाई खिडकीपाशी आपल्या टेबलावर बसल्या होत्या. त्यांनी न पुसता, न चुकता, एका दमात टाइप केले. पॉलिडॅक्टिली, डावा हात, करंगळीची बाजू, बालपणी काढलेले, तक्रार काही नाही. येणेप्रमाणे डॅक्टिल घराणे सर्व शाखांसह रुजू जाहले. मोहीम फत्ते. इति.