दरीतला दुसरा गवई

"एवढ्याशा पाखरासाठी पहाटे उठा, जीप काढा, चोरपावलांनी चाला! मी फौजेत भरती झालोय की पाखरांच्या तैनातीत?" स्टिअरिंगकडे बघत सार्जंट ओचोआ पुटपुटला.

शेजारी बसलेल्या लोर्नाबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. टेक्सासच्या या लष्करी सरावभूमीत दुर्मिळ सोनगाल्या वटवट्यांची मोजदाद त्याच करत. या वसंतात दरीत एकही नर गाताना आढळला नाही, तर दरी रणगाड्यांना कायमची मोकळी होणार होती.

"होतेय कशी मोकळी!" बाईंनी मोठ्या साहेबांना ठणकावलं होतं. "माझ्या हाकेला ओ न देणारा वटवट्या अजून जन्माला यायचाय!"

हाक म्हणजे स्पीकरवर वाजवायचं नराचं गाणं. आपल्या हद्दीत परका गवई घुसला म्हणून खरा नर चवताळून उत्तर देतो. जुनिपरच्या झाडाआड बसून बाईंनी गाणं वाजवलं. समोरच्या उतारावरून लगेच उत्तर!

बाई वरमाईसारख्या फुलल्या. वायरलेसवर ओरडल्या, "नर सापडला! रणगाडे थांबवा! इंजिनं बंद!"

दरीच्या तोंडाशी घरघर थांबली. बाईंनी पुन्हा वाजवलं. उत्तर आणखी जवळून!

"भलताच भांडखोर!" आता सार्जंटही रंगात आला. "थेट माझा मेव्हणा! एक शब्द खाली पडू देत नाही."

दोघं रांगतच निघाले. पुढचं झुडूप हललं. श्वास रोखून बाईंनी फांदी बाजूला केली.

समोर त्यांचाच सहकारी ड्वेन. तोही रांगत, गळ्यात स्पीकर!

"तू? अरे, तुझी हद्द ओढ्यापलीकडे ना!"

"तिकडे सगळं सामसूम, लोर्ना. इथे नर ऐकला, म्हणून आलो. तू कशाला पुढे सरकलीस?"

"मी पण... नर ऐकला म्हणून."

वायरलेस खरखरला, "मॅडम, नर पक्का ना?"

बाईंचे कान तापले. 'हो' अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं.

"थांबा," त्या कशाबशा म्हणाल्या. "इंजिनं बंदच आहेत, तर जरा ऐकू दे."

स्पीकर बंद करून तिघं खाली मान घालून बसले. लांबून रणगाड्यावरच्या कुणाचं तरी खोकणं तेवढं ऐकू आलं. ड्वेन दुर्बीण पुसत राहिला. काच झिजायची पाळी आली.

"ऊन चढलं की गात नाहीत," तो म्हणाला.

"वारा पण आहे," बाई म्हणाल्या. झाडाचं पानही हलत नव्हतं.

सार्जंटनं हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "यंदा पाखरू आलंच नाही."